घाटावरचं मासिक, कोकणातली बाग: वर्गणी वसूल होईल असं शेतीचं मासिक कसं वाचायचं

शेतीचं मासिक पोस्टातून आलं की आमच्या खळ्यात एक वाक्य ठरलेलं, "ह्यां सगळां घाटावरचां, आमका काय उपेग?" माझे काका बोलतात आणि खरं सांगायचं तर निम्मं बरोबर बोलतात. ऊस, द्राक्ष, डाळिंब, कांदा, कापूस, सोयाबीन, आणि मग कुठेतरी आत दोन पानं आंबा-काजू. आम्ही देवगड तालुक्यातले, आमच्याकडे कातळ, जांभ्याची माती, तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, हापूसची काही कलमं, वरकस जमिनीत काजू, घराखाली भाताचे चार कुणगे. कित्येक वर्षं आमच्याकडे मासिकं यायची आणि एप्रिलमध्ये आंब्याच्या पेटीत खाली घालायला जायची, बस. कोणी वाचलं नाही असं नाही, वाचलं, पण वाचून हातात काही आलं नाही.

गेली काही वर्षं आम्ही वाचायची पद्धत बदलली आणि तीच मासिकं कामाला यायला लागली. ती पद्धत इथे लिहितोय, कारण बऱ्याच वाड्यांत हेच ऐकतो की मासिक चांगलं असतं पण आपलं नसतं.

पहिलं काम मासिक उघडायच्या आधीचं. एका वहीच्या पहिल्या पानावर आपली बाग लिहून काढा. कलमं किती, कुठल्या साली लावलेली, प्रत्येकाचा विस्तार किती मीटर, माती तपासली असेल तर सामू (आम्लपणाचा आकडा, पीएच) किती, पाणी कुठपर्यंत पुरतं, फवारणीचा पंप किती लिटरचा, बॅरल किती लिटरचं, भात किती गुंठे, गेल्या वर्षी पालवी कधी आली आणि मोहोर कधी फुटला. हे वाचायला साधं वाटतं पण प्रत्येक लेखात ह्यातलंच काहीतरी विचारलेलं असतं, "झाडाच्या वयानुसार", "विस्तारानुसार", "माती परीक्षणानुसार", आणि तिथेच आपण वाचन सोडतो कारण उत्तर जवळ नसतं. आम्ही एक रविवार दोघं टेप घेऊन फिरलो, प्रत्येक झाडाचा पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर विस्तार मोजून सरासरी काढली आणि खोडावर नंबर घातला. तो एक दिवस पुढची सगळी वर्षं पुरलाय.

मग मासिक आलं की आधी फक्त अनुक्रमणिका. पेन्सिल घ्या आणि आपल्या पिकाचे लेख ठळक खुणा, पण दुसऱ्याच्या पिकाचे लेख लगेच टाकून देऊ नका, आम्ही इथेच चुकत होतो. ठिबकचा फिल्टर कसा धुवायचा हे डाळिंबाच्या लेखात आलं म्हणून ते आपल्याला चालत नाही असं नाही. पेरूतल्या फळमाशीवर लेख असेल तर तो आंबेवाल्याने वाचलाच पाहिजे, कारण दोन्हीकडे नर माशीला ओढणारं मिथाईल युजेनॉलच वापरतात, आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा त्यावरच चालतो. पण काकडी, पडवळ, कारल्याच्या वेलावरच्या माशीला क्यू-ल्यूर लागतं, ती माशी वेगळी. आमच्या शेजाऱ्यांनी दोन वर्षं परसातल्या कारल्याच्या मांडवावर आंब्याचा सापळा लावला आणि "सापळ्यान काय होणा नाय" म्हणून सोडून दिला. नंतर घाटावरच्या भाजीपाल्याच्या लेखात हा फरक मिळाला.

उलट बाजूही आहे. माती आणि खताचा लेख कितीही चांगला असला तरी तो कुठल्या मातीसाठी लिहिलाय ते आधी बघा. काळ्या जमिनीचा सामू आठच्या आसपास किंवा वर, तिथे लोह झाडाला मिळत नाही म्हणून पानं पिवळी पडतात आणि फेरस सल्फेट द्या असं लिहितात. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, लाल रंगच मुळी लोहाचा, इथे लोह भरपूर आणि तेच लोह अन् ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतं. म्हणजे त्यांचा प्रॉब्लेम आणि आपला प्रॉब्लेम जवळजवळ उलटा. क्षारपड जमिनीत जिप्सम टाका हा सल्ला कातळावरच्या बागेला लागू नाही. लेखाच्या पहिल्या दोन परिच्छेदांत "भारी जमीन", "काळी जमीन", "चुनखडीयुक्त" असले शब्द दिसले की खतांचा तक्ता बाजूला ठेवायचा, बाकीचं वाचायचं.

आता शब्दांचं, आणि ह्यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण आम्ही ह्यात नुकसान सोसलंय. पॅक्लोब्युट्राझॉल, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध, ते द्यायचं पहिलं वर्ष. लेखात होतं झाडाच्या घेराच्या मीटरला ३ मिली. बाबांनी घेर म्हणजे घेरच मोजला, दोरी घेऊन झाडाभोवती फिरून. हवा होता व्यास, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तार. शिफारस अशी आहे की व्यासाच्या दर मीटरला ०.७५ ग्रॅम मूळ घटक, २५ टक्क्यांचं औषध असेल तर ३ मिली. आठ मीटर विस्ताराच्या झाडाला २४ मिली पुरे होतं, आम्ही दोरीने २५ मीटर मोजून ७५ मिली घातलं, तिप्पट! पुढच्या हंगामात मोहोर आला पण आखूड, गुच्छासारखा, आणि पालवीची कांडी इतकी बुटकी की झाड आवळून बसल्यासारखं दिसायचं, ती कलमं सावरायला काही वर्षं गेली. लिहिणाऱ्याने एक शब्द ढिला वापरला आणि आम्ही उलटून विचारलं नाही, दोन्ही झालं. तेव्हापासून नियम केलाय की कुठलाही डोस एकाच ठिकाणी वाचून द्यायचा नाही, तोच आकडा विद्यापीठाच्या पुस्तिकेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात ताडून बघायचा. आपल्या पट्ट्यात किर्लोस, लांजा, रोहा, कोसबाड इथे केंद्रं आहेत, आणि किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकट नंबर सकाळी ६ ते रात्री १० चालू असतो, मराठीत बोलता येतं.

असेच दुसरे शब्द म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश. मासिकात लिहिलेलं असतं की दहा वर्षांवरच्या आंब्याच्या झाडाला पावसाळ्याच्या सुरुवातीला ५० किलो शेणखत, १.५ किलो नत्र, ५०० ग्रॅम स्फुरद आणि १ किलो पालाश. आता नत्र म्हणजे युरिया नाही हो. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणून दीड किलो नत्रासाठी साधारण सव्वातीन किलो युरिया लागतो. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद, म्हणजे ते तीन किलोच्या थोडं वर, आणि म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश, म्हणजे पावणेदोन किलोला थोडं कमी. कितीतरी जण दीड किलो युरिया घालून "मासिकाप्रमाणे खत दिलं" म्हणतात आणि फरक पडला नाही की मासिकाला दोष देतात. हे गणित एकदा करून कागद पडवीच्या भिंतीवर चिकटवा, परत करायला नको.

पंपाचंही तेच. डोस नेहमी १० लिटर पाण्याला दिलेला असतो, आपला पाठीवरचा पंप १५-१६ लिटरचा, बागेत तर २०० लिटरचं बॅरल. १० लिटरला ५ मिली म्हणजे बॅरलला १०० मिली, एवढंच, पण सकाळी घाईत बॅरलजवळ उभं राहून कोणाला सुचत नाही. हेक्टरी आकडा असेल तर १०० गुंठे धरा, एकराला ४० गुंठे. आंब्याची जुनी लागवड १० बाय १० मीटरवर असते, हेक्टरी १०० झाडं, त्यामुळे हेक्टरी आकड्याला शंभराने भागलं की एका झाडाचा मिळतो.

औषधांच्या लेखात अजून एक बघायचं. लेखात औषधाचं तांत्रिक नाव आहे की नुसतं कंपनीचं नाव? नुसतं कंपनीचंच नाव चार वेळा आलं आणि खाली विक्रेत्याचा फोन असेल तर ती जाहिरात आहे, लेखासारखी छापलेली. वाचा, पण जाहिरात म्हणून वाचा. आणि जुन्या अंकातला कीटकनाशकाचा डोस कधीही तसाच उचलू नका, शिफारशी बदलतात, काही औषधं बंद होतात, तेव्हा शेवटचा शब्द बाटलीवरच्या लेबलचा. तिथे पीक कुठलं लिहिलंय, फवारणीनंतर काढणीला किती दिवस थांबायचं, त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा, हे बघूनच झाकण उघडायचं. लाल सगळ्यात विषारी.

यशोगाथा. सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान हेच, आमच्याकडेही, आणि सगळ्यात जास्त निराशाही ह्याच पानामुळे होते असं माझं मत झालंय. फोटोतला माणूस हसत असतो, एकरी इतके लाख, आणि वाचणारा म्हणतो आपल्यालाच जमत नाही. तेव्हा यशोगाथा वाचताना हातात पेन ठेवा आणि कडेला प्रश्न लिहा: पाणी कुठून आणलं, मजूर घरचे की बाहेरचे, पैसे कोणाचे, अनुदान किती, बाजार किती लांब, आणि हा हिशोब कितव्या वर्षाचा. "उत्पन्न" हा शब्द दिसला की थांबा, काही लेखात तो मालाचा आकडा असतो, काही लेखात पैशाचा, आणि पैशाचा असला तरी खर्च वजा जाता की न जाता ते बऱ्याचदा सांगितलेलंच नसतं. हापूसच्या बाबतीत तर एका वर्षाचा आकडा काहीच सांगत नाही, कारण हापूस एक वर्ष भरपूर धरतो आणि पुढच्या वर्षी हात आखडतो, निदान तीन-चार वर्षांची सरासरी पाहिजे. शिवाय घाटावरच्या लेखात वानर नसतात. आपल्याकडे वानर, माकडं, रानडुकरं ह्यांच्या राखणीचा खर्च धरल्याशिवाय कुठलाही हिशोब खरा नाही. एवढं सगळं विचारून झाल्यावरही लेखात काहीतरी शिल्लक राहतं, ते आपलं.

वाचून झालं की कात्री, हे आमच्या घरात पहिल्यांदा कोणाला पटलं नव्हतं, मासिक फाडायचं म्हणजे कसंतरी वाटतं, पण अख्खा गठ्ठा राखून उपयोग नसतो. आम्ही बारा फायली केल्या, महिन्यांच्या. कापलेला लेख ज्या महिन्यात आला त्या महिन्यात जात नाही, ज्या महिन्यात काम आहे त्या फायलीत जातो. तरव्याचा (भाताच्या रोपांचा) लेख एप्रिलमध्ये आला तरी जूनच्या फायलीत. पॅक्लोब्युट्राझॉलचा जुलैत, कारण ते १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान द्यायचं असतं. पालवी आणि तुडतुडे ऑक्टोबरमध्ये, काजूवरचा ढेकण्या नोव्हेंबरमध्ये, भुरी आणि मोहोराचं सगळं डिसेंबर-जानेवारीत, फळमाशी आणि काढणी मार्चमध्ये. सुपारीच्या कोळेरोगाचा बोर्डोचा लेख मे महिन्यात ठेवलाय, एक टक्का म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी, पावसाच्या आधी पहिली फवारणी. महिना उजाडला की ती एकच फाईल काढायची, बास. रत्नागिरी-रायगडवाल्यांनी आंब्याचे कागद थोडे पुढे सरकवा, आपल्या किनाऱ्यावर हंगाम दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो. फायली पत्र्याच्या डब्यात आणि डबा माळ्यावर, नाहीतर पावसाळ्यात बुरशी आणि मग कसर आणि वाळवी. सखल भागातल्यांनी तर नक्कीच. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या १८६४ सालच्या वाचनालयाचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. जे फार मोलाचं आहे त्याचा मोबाईलवर फोटोही काढून ठेवा, आणि फोटोला नाव द्या, नाहीतर हजार फोटोंत सापडत नाही.

मासिक ताज्या बातमीसाठी नाही हेही मनाशी ठरवा. ते महिनाभर आधी लिहिलेलं असतं, वर पोस्टाचे दिवस. उद्या फवारायचं की नाही ह्यासाठी मंगळवारी आणि शुक्रवारी येणारी कृषी हवामान पत्रिका बघायची, दापोली आणि मुळदे इथून आपल्या भागाची निघते. रोजच्या बाजारभावाला आणि विम्याच्या तारखांना ॲग्रोवनसारखं रोजचं शेतीचं वर्तमानपत्र, ते २००५ पासून आहे. कृषी खात्याचं शेतकरी मासिक, विद्यापीठाच्या घडीपत्रिका, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफ, प्रत्येकाचं काम वेगळं, एकाकडून सगळं मागितलं की समाधान होत नाही आणि मग आपण सगळंच वाईट म्हणून मोकळे होतो.

आता वाडीचं. एकट्याने वाचलेलं एकट्याजवळ राहतं. आमच्याकडे लावणी आटोपली की श्रावणात दुपारी वेळ असतो, बाहेर पाऊस, तेव्हा आम्ही पडवीत एकाने मोठ्याने वाचायचं सुरू केलं. मोठ्याने वाचल्यावर कळलं की निम्म्या म्हाताऱ्या माणसांना वाचता येत होतं पण अक्षर बारीक म्हणून ते वाचत नव्हते, आणि लाजेने बोलत नव्हते. आणि बायका! मासिक यायचं बाबांच्या नावावर, वाचायचे पुरुष, पण काजू बी वेचणं, तरवा काढणं, लावणी, परसातली भाजी, कोकमाची आगळ, सगळं बायकांचं. त्यांच्या कामाचा लेख त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. चारसूत्री पद्धतीच्या भातलावणीचा लेख आईबरोबरच्या बायकांच्या घोळक्यात वाचला तेव्हा २५ आणि १५ सेंटीमीटरचं अंतर वाचून कोणाला काही कळेना, तेव्हा माझी पुतणी दोरी घेऊन आली आणि लाल चिंध्या बांधून दाखवलं, १५ मग २५ मग परत १५, आणि चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध सुमारे २.७ ग्रॅमची एक खताची गोळी खोचायची. मग कळलं. त्यातली एक काकी तीन वेळा म्हणाली, "ह्यां परत एकदा वाच गो." वाचताना असं कोणी परत वाच म्हणालं की तिथे खूण करा, तीच जागा महत्त्वाची. आणि पुस्तकी शब्द आला की तिथल्या तिथे आपल्या बोलीतला शब्द त्याच्यावर पेन्सिलीने लिहा, रोपवाटिका म्हणजे तरवा, फळगळ म्हणजे कणी गळणं.

तुमच्या वाडीत, सोसायटीत किंवा गावच्या वाचनालयात असं काही सुरू करायचं असेल, किंवा नुसतं कुठलं मासिक लावावं हे ठरवायचं असेल, तर आधी घरोघरी विचारून घ्या, पण नीट विचारा. "मासिक आवडतं का?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात, चांगलंच म्हणायचं ही आपली पद्धत. त्यापेक्षा विचारा, शेवटचा वाचलेला लेख कुठला आठवतो? वाचून बागेत काय केलंत? करायचं ठरवलं पण झालं नाही असं काय? कुठल्या ठिकाणी वाचन सोडलंत? घरात अजून कोण वाचतं? अंक हातात पडतो कधी? चाकरमानी मुलगा मुंबईहून फोटो पाठवतो का? पुरुषांना आणि बायकांना वेगवेगळं विचारा, एकत्र बसले की बायका बोलत नाहीत. उत्तरं त्यांच्याच शब्दात लिहून घ्या. आमच्याकडे जे निघालं ते अक्षराचा आकार, उशिरा येणारा अंक, आणि "आमच्या पिकाचं कमी" हे तर होतंच, पण एक गोष्ट मला माहीतच नव्हती, लोकांना लेखापेक्षा प्रश्नोत्तरं जास्त हवी होती, कोणीतरी आपल्यासारखा प्रश्न विचारलाय आणि त्याला उत्तर मिळालंय असं पान.

म्हणून शेवटचं काम, संपादकांना लिहा. पहिल्या मराठी वर्तमानपत्राचे संपादक बाळशास्त्री जांभेकर आपल्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी दर्पण काढलं, आणि आपण कोकणातले लोक मासिकाला साधं पोस्टकार्ड टाकत नाही हे मला खटकतं. "कोकणाला जास्त जागा द्या" असं लिहू नका, त्याने काही होत नाही. नेमकं लिहा. आम्ही लिहिलं होतं ते असं: कातळावर खड्डे काढून माती भरून लावलेली हापूसची कलमं, वय पंचवीसच्या वर, डिसेंबरात चांगला मोहोर येऊन कणी धरली, जानेवारीत थंडी लांबली आणि त्याच फांद्यांना परत मोहोर आला, आधीची कणी गळून गेली, दोन वर्षं असंच, पाणी देत नाही, खत अमुक दिलं, सोबत दोन फोटो. उत्तर आलं, ह्याला पुनर्मोहोर म्हणतात, पहिला मोहोर पुरेसा असेल तर विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे ५० पीपीएम जिबरेलिक ॲसिड फवारा. पीपीएम म्हणजे काय हे परत कोणाला माहीत नाही, मग पुतणीने भिंतीवरच्या कागदावर खाली लिहिलं, एक पीपीएम म्हणजे लिटरला एक मिलीग्रॅम, ५० पीपीएम म्हणजे २० लिटरला एक ग्रॅम, बॅरलला दहा, आणि पावडर आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवायची, थेट पाण्यात नीट विरघळत नाही. ते पत्र आणि ते उत्तर दोन्ही आता डिसेंबरच्या फायलीत सगळ्यात वर आहे.